द्राविडी प्राणायामाचा इतिहास : निरोष्ठ रामायणापासून प्रोग्रॅमरांच्या विनोदापर्यंत

१

नाक समोरून सरळ न धरता हात डोक्यामागून वळवून आणावयाचा आणि मग ते धरावयाचे, यास मराठीत द्राविडी प्राणायाम म्हणतात. शब्दप्रयोग निंदाव्यंजक आहे, आणि शेजाऱ्यांच्या आचाराविषयीची एक जुनी कुचेष्टाही त्यात दडलेली आहे. परंतु ज्या भाषिक व्यवहारास तो लावला जातो, त्या व्यवहाराचा स्वतंत्र इतिहास आहे आणि तो निंदेपुरता मर्यादित नाही. आडवळणाने बोलणे हा कधी छंदाचा परिणाम असतो, कधी सामाजिक संकोचाचा, कधी पांडित्याचा, आणि कधी निव्वळ थट्टेचा. या चार प्रकारांची गल्लत झाली म्हणजे कोठे हसावे आणि कोठे चिंता करावी हे कळेनासे होते. ती गल्लत दूर करण्याचा अल्प प्रयत्न पुढील पृष्ठांत केला आहे.

या विचारास निमित्त झाले ते अकलूज येथील एका संध्याकाळचे. अभियांत्रिकीचे शिक्षण घेणारा, नात्यातील एक विद्यार्थी आपल्या मित्रांसह एका कागदावर खिळून हसत बसला होता. दिलेली संख्या सम की विषम, एवढेच सांगणारा संगणकाचा प्रोग्रॅम त्या कागदावर होता. दोहोंनी भागावे आणि बाकी पाहावी, एवढ्या एका ओळीचे ते काम. या प्रोग्रॅमने मात्र प्रथम दिलेल्या संख्येइतके तारे एका फाइलीत काढले. मग ती फाइल पुनःपुन्हा उघडून दर वेळी दोन-दोन तारे पुसले. आणि शेवटी फाइल रिकामी उरली की तीत एक तारा उरला हे मोजून निर्णय दिला. उत्तर बिनचूक होते. ही मंडळी एकमेकांस याहूनही लांबचा मार्ग सुचवीत होती, आणि प्रत्येक नव्या वळणास दाद मिळत होती. प्रस्तुत लेखकास प्रोग्रॅम वाचता येत नव्हता. पण दाद देण्याची ती रीत ओळखीची वाटली. लावणीच्या स्पर्धांमुळे महाराष्ट्रभर नावाजलेल्या या गावात सवाल-जवाबास अशीच दाद मिळते.

२

प्रथम पांडित्याच्या परंपरेकडे पाहू. भास्कराचार्यांनी आपले जन्मवर्ष सांगताना अंक लिहिले नाहीत. रस, गुण, पूर्ण आणि मही या अर्थाचे शब्द योजिले. रस सहा, गुण तीन, पूर्ण म्हणजे शून्य, मही एक. अंक उजवीकडून डावीकडे मांडावयाचे, म्हणजे शके १०३६, अर्थात इ. स. १११४, असे वर्ष निघते. आजच्या वाचकास हा निखळ द्राविडी प्राणायाम वाटेल. परंतु या पद्धतीस, म्हणजे भूतसंख्येस, दोन सबळ कारणे होती. संस्कृत वृत्तात लघुगुरूंचा क्रम ठरलेला असतो. त्यात एखाद्या अंकाचे ठराविक नाव बसले नाही तर त्याचे पर्याय हाताशी असावे लागतात. एकास चंद्र म्हणावे, मही म्हणावे, भू म्हणावे. दोहोंस नेत्र म्हणावे वा पक्ष म्हणावे. दुसरे असे की, नक्कल करणाऱ्याच्या हातून अंकाचे चिन्ह सहज बदलते. वृत्तात बांधलेला शब्द चुकला तर वृत्तभंगामुळे ती चूक ध्यानात येते. म्हणजे येथे वळसा हा पाठाच्या रक्षणाचा उपाय होता.

याच्या शेजारी ज्ञानेश्वरीच्या अखेरीस दिलेला काल ठेवून पाहावा. तेथे शके १२१२ हे वर्ष सरळ संख्यावाचक शब्दांनी सांगितले आहे. ओवीचा बंध शिथिल असल्यामुळे संख्येचे लोकभाषेतील नाव तीत जसेच्या तसे मावते. एका प्रदेशातील हे दोन ग्रंथ, त्यांत दीडशे वर्षांच्या आतबाहेरचे अंतर. एकात वर्ष झाकल्यासारखे, दुसऱ्यात उघडे. हा भेद केवळ ग्रंथकारांच्या स्वभावाचा मानणे युक्त नाही. तो प्रामुख्याने छंदाचा आणि श्रोतृवर्गाचा आहे.

भास्कराचार्यांच्याच लीलावतीत आडवळणाचा दुसरा प्रकार आढळतो. भुंग्यांच्या एका थव्याच्या निम्म्याचे वर्गमूळ मालतीच्या वेलीकडे गेले, थव्याचे आठ-नवमांश त्यांच्यामागून गेले, आणि एक भुंगा कमळात अडकून त्याची भुंगी बाहेर गुणगुणत राहिली. तर थवा केवढा? निम्मे छत्तीस, त्याचे मूळ सहा, आठ-नवमांश चौसष्ट, आणि उरलेली जोडी, एकूण बहात्तर. बहात्तर हा आकडा सांगावयास इतका खटाटोप कोणी करीत नाही. येथे उद्देश आकडा सांगण्याचा नसून शिष्यास आकड्यापर्यंत चालावयास लावण्याचा आहे. यास आपण कूट म्हणू. कुटात वळसा हाच विषय असतो. उत्तर मिळाले की कूट संपते.

३

भाषाशास्त्राच्या अभ्यासकाने येथे क्षणभर थांबून आपल्या रोजच्या बोलीकडे पाहिले पाहिजे. एकोणीस म्हणजे एक उणे वीस. दहा आणि नऊ असे न म्हणता आपण आधी विसापर्यंत जातो आणि एक पाऊल मागे येतो. एकोणतीस, एकोणचाळीस, थेट एकोणनव्वदपर्यंत हीच रीत. नव्व्याण्णवास मात्र ती आपण सोडतो. अडीच हा शब्द संस्कृत अर्धतृतीय या शब्दापासून आला. त्याचा मूळ अर्थ, 'ज्यातील तिसरा अर्धा आहे ते'. साडेतिनासाठी पाढ्यांत राहिलेला औट हा शब्द अर्धचतुर्थ या शब्दाचा वंशज. त्यात चौथा अर्धा आहे. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी हे पाढे बाजारातील हिशोब झटपट व्हावेत म्हणून पाठ केले जात. म्हणजे गणिताच्या सर्वांत जवळच्या वाटेवर आपण जे शब्द वापरीत आलो, ते व्युत्पत्तीच्या दृष्टीने लांबच्या वाटेचे आहेत. परंतु एकोणीस म्हणताना कोणी वजाबाकी करीत नाही आणि अडीच म्हणताना कोणी तिसरा अर्धा कापीत नाही.

यावरून एक सूत्र हाती येते. वाक्प्रयोग आडवळणाचा आहे की नाही हे त्याच्या रचनेवरून ठरत नाही. जवळची वाट बोलणाऱ्यास ठाऊक आहे की नाही आणि ती त्याने जाणून टाळली आहे की नाही, यावरून ठरते. एकोणीस हा विनोद नाही, कारण त्यास दुसरा सरळ पर्याय भाषेत उरलेला नाही. तारे पुसणारा प्रोग्रॅम विनोद आहे, कारण बाकी पाहण्याची एक ओळ लिहिणाऱ्यास आणि वाचणाऱ्यास सारखीच ठाऊक आहे.

४

जाणून टाळण्याच्या या कलेचे मराठीतील सर्वश्रेष्ठ उदाहरण अकलूजपासून फार दूर नाही. मोरोपंत (१७२९–१७९४) यांचे बहुतेक लेखन बारामतीस झाले. बारामती कऱ्हेच्या काठी. कऱ्हा नीरेस मिळते, आणि नीरा अकलूजवरून वाहत जाऊन नीरा-नरसिंगपूर येथे भीमेस मिळते. पंतांच्या नावावर एकशे आठ रामायणांची परंपरा सांगितली जाते. कथा एकच, श्रोत्यांस तोंडपाठ असलेली. म्हणून कथा कळविणे हा हेतू असूच शकत नाही. प्रत्येक रामायणास एकेक अट. मंत्ररामायणात राममंत्राची अक्षरे पद्यांत गुंफलेली, आणि निरोष्ठ रामायणात ओष्ठ्य वर्णांना मज्जाव. ओष्ठ्य म्हणजे उच्चारताना ओठ मिळतात असे प, फ, ब, भ, म.

या अटीतील मौज अशी की, राम या नावातच म आहे. ज्याची कथा सांगावयाची त्याचे नाव उच्चारता येत नाही. सीतेस चालते, रामास चालत नाही. संस्कृतात या खेळाचे जुने उदाहरण दंडीच्या दशकुमारचरितात आहे. तेथे मंत्रगुप्ताचे ओठ प्रियेच्या दंशाने दुखावलेले असल्यामुळे तो आपली हकीकत ओष्ठ्य वर्ण टाळून सांगतो. दंडीने अटीस कथेतच कारण दिले. पंतांनी कारण दिले नाही, अट हीच पुरेशी मानली. विसाव्या शतकात जॉर्ज पेरेक या फ्रेंच लेखकाने फ्रेंच भाषेत सर्वाधिक येणारे अक्षर वर्ज्य करून १९६९ साली एक संपूर्ण कादंबरी प्रसिद्ध केली, तेव्हा युरोपात तिचे मोठे कौतुक झाले. त्या कौतुकाची तयारी आपल्या वाचकांची फार पूर्वीच झालेली होती.

पंतांचे कनिष्ठ समकालीन रामजोशी हे सोलापूरचे. पंढरपुरात त्यांचे संस्कृत अध्ययन झाले, आणि डफ-तुणतुण्याच्या संगतीत ते पांडित्य लावणीत उतरले. संस्कृत शब्दांची आणि यमकांची त्यांची कसरत तमाशाच्या श्रोत्यांनी डोक्यावर घेतली. पुढे मोरोपंतांच्या भेटीने ते कीर्तनाकडे वळले, असे परंपरा सांगते. पंतांच्या आर्या त्यांनी कीर्तनातून गावोगाव नेल्या ही गोष्ट मात्र प्रसिद्धच आहे. बारामतीहून पंढरपुरास जाणारी तुकोबांची पालखी आजही अकलूजवरून जाते. मराठीतील सर्वांत सरळ बोलणाऱ्या कवीची पालखी ज्या वाटेने जाते, त्याच वाटेच्या दोन टोकांस सर्वांत वळणदार लिहिणाऱ्या दोघांची घडण व्हावी, हा योग विचार करण्याजोगा आहे. एकाच समाजाने दोन्ही मनापासून ऐकले.

तमाशातील कलगी-तुऱ्याच्या झगड्यात हाच खेळ दोघांत वाटला गेला. एका पक्षाने कूट घालावे, दुसऱ्याने त्याच चालीत ते उकलून उलट सवाल टाकावा. तुरेवाले पुरुषतत्त्वास श्रेष्ठ मानणार, कलगीवाले शक्तीस. पण श्रोत्यांचे लक्ष तत्त्वज्ञानापेक्षा, आता हा कोणत्या वाटेने सुटतो, याकडे अधिक.

बायकांच्या उखाण्यातही अटच आहे. फक्त ती कवीने नव्हे, समाजाने घातलेली. पतीचे नाव एरवी घ्यावयाचे नाही, म्हणून ते घेण्यासाठी महादेवाच्या पिंडीपासून घरातील चांदीच्या ताटापर्यंत फिरून यावयाचे. निरोष्ठ रामायणात रामाचे नाव नाही, आणि घरोघरच्या संसारकथेत धन्याचे नाव नाही. दोहोंकडे मनाईतूनच रचना जन्मली. भेद इतकाच की, पंतांस आपली अट केव्हाही मोडता येत होती.

५

आता प्रोग्रॅमरांच्या विनोदाकडे वळू. अ‍ॅलन ट्युरिंग यांनी १९३६ साली दाखविले की, अगदी मोजक्या, बालबोध क्रियांनी चालणारे यंत्र जे जे गणनीय ते ते सर्व करू शकते. या सिद्धान्ताचा एक अर्थ असा की, कोणत्याही गणनेस अगणित वाटा आहेत, आणि वेळ व जागा यांचा हिशोब सोडला तर यंत्रास त्या सर्व सारख्याच. मग अमुक वाट चांगली असे का म्हणावयाचे? कारण प्रोग्रॅम यंत्र चालविते, पण तो वाचावा आणि दुरुस्त करावा लागतो माणसास. शैलीचा प्रश्न येथेच निर्माण होतो, आणि शैली आली म्हणजे तिचे विडंबनही आलेच.

१९६८ साली डच गणनशास्त्रज्ञ एड्सखर डाइक्स्ट्रा यांनी, प्रोग्रॅममध्ये 'अमुक ओळीकडे जा' ही आज्ञा वापरल्याने वाचणाऱ्याची दिशाभूल होते, असे पत्राद्वारे प्रतिपादिले. या वादास उत्तर म्हणून १९७३ साली क्लार्क या लेखकाने गंभीर चेहऱ्याने सुचविले की, त्याऐवजी 'अमुक ओळीकडून ये' अशी आज्ञा असावी. तत्पूर्वीच, १९७२ साली, प्रिन्स्टन विद्यापीठातील डॉन वुड्स आणि जेम्स लायन या दोन विद्यार्थ्यांनी इंटरकॅल नावाची भाषा रचली होती. प्रचलित कोणत्याही भाषेशी तिचे साम्य नसावे ही त्यांची प्रतिज्ञा. बेरीज-वजाबाकीची साधी चिन्हे तीत नाहीत. ६५,५३६ ही संख्या साठवावयाची तर शून्य आणि २५६ या दोन संख्यांचे द्विमान अंक एकमेकांत विणावे लागतात. २५६ मधील आठव्या स्थानाचा एक सोळाव्या स्थानी जातो आणि इष्ट संख्या तयार होते. भूतसंख्येशी परिचित असलेल्या वाचकास यात परकेपणा वाटू नये.

याच भाषेत आणखी एक नियम आहे. काही आज्ञांपूर्वी 'कृपया' हा शब्द घालावाच लागतो. एकूण आज्ञांच्या पाचव्या भागाहून कमी वेळा घातला तर प्रोग्रॅम उद्धट म्हणून नाकारला जातो; तिसऱ्या भागाहून अधिक वेळा घातला तर लाचार म्हणून. पेशवाईतील पत्रव्यवहार चाळलेल्या अभ्यासकास येथे मोडी पत्रांचा मायना आठवल्यावाचून राहणार नाही. राजमान्य राजश्री की अखंडित लक्ष्मी आलंकृत, आशीर्वाद की साष्टांग नमस्कार, हे ज्याच्या-त्याच्या पायरीप्रमाणे ठरलेले. कमी लिहिले तर अपमान, अधिक लिहिले तर संशय. परंतु त्या लेखकांनी वाचणाऱ्याची सोयही केली होती. मायना, कुशल वगैरे झाल्यावर 'विशेष' हा शब्द येतो, आणि खरा मजकूर तेथून सुरू होतो. सराईत कारकुनाची दृष्टी थेट 'विशेष'वर जात असली पाहिजे.

१९८४ साली लँडन कर्ट नोल आणि लॅरी बॅसेल यांनी, सी या भाषेत सर्वांत दुर्बोध प्रोग्रॅम कोण लिहितो, याची आंतरराष्ट्रीय स्पर्धा सुरू केली. तिचा उगम विनोदात नव्हता. स्टीफन बोर्न यांनी युनिक्स प्रणालीसाठी लिहिलेला एक प्रोग्रॅम वाचण्याचा प्रसंग या दोघांवर आला होता. त्यात सी भाषेस अल्गोल या दुसऱ्या भाषेचा पेहराव चढविलेला होता. म्हणजे प्रामाणिकपणे, कामासाठी लिहिलेली दुर्बोधता पाहून त्यांस हेतुपूर्वक दुर्बोधतेची स्पर्धा सुचली, आणि चांगल्या शैलीचे महत्त्व उपरोधाने पटविणे हे तिच्या उद्देशांपैकी एक ठरले. १९९३ साली ऊर्बान म्यूलर यांनी आठच आज्ञांची एक भाषा काढली. तिचे नाव या पत्रिकेत छापणे प्रशस्त नव्हे. परंतु ट्युरिंग यांच्या सिद्धान्ताचे आणि निरोष्ठ रामायणाच्या वृत्तीचे तीत एकत्र दर्शन घडते एवढे म्हणावयास हरकत नाही.

या सर्व उदाहरणांत विनोद कशावर आधारलेला आहे? ज्यास सरळ मार्ग पक्का येतो त्यासच वाकडा मार्ग इतका सफाईने रचता येतो, आणि ज्यास सरळ मार्ग येतो त्यासच तो पाहून हसू येते. म्हणून हा विनोद एक प्रकारची परीक्षा असते. हसणारा परीक्षेत उतरला. जो न हसता ती वही उतरून घेईल, त्यास अजून शिकावयाचे आहे.

६

येथवरचे विवेचन इतिहासाचे झाले. त्यातून जो प्रश्न उभा राहतो तो आपल्या विभागाचा आहे.

वर उल्लेखिलेल्या विद्यार्थ्याने पुढे आपल्या अभ्यासक्रमातील एका प्रकल्पाचा मराठी सारांश तपासण्यासाठी प्रस्तुत लेखकाकडे आणला. त्यातील पहिले वाक्य असे होते : 'सदर प्रकल्पाच्या माध्यमातून पाणीपुरवठ्याच्या संदर्भातील नोंदींची तपासणी करण्याच्या दृष्टीने प्रणालीची निर्मिती करण्यात आलेली आहे.' म्हणावयाचे होते ते इतकेच की, पाण्याच्या नोंदी तपासणारा प्रोग्रॅम मी लिहिला. तारे पुसणाऱ्या प्रोग्रॅमची आणि या वाक्याची बांधणी एकच आहे. 'तपासणे' हे क्रियापद होते; त्याचे नाम केले, नामास 'करणे' जोडले, 'करणे' कर्मणी केले, आणि 'मी' फाइलीतून पुसून टाकला. परंतु या वेळी तो हसत नव्हता. कागद त्याने दोन्ही हातांनी, भीत भीत पुढे केला होता.

तोच मुलगा, तेच कौशल्य. एकीकडे हसू आणि दुसरीकडे भीती का? प्रोग्रॅमची जवळची वाट त्यास कोणीतरी आधी शिकविली होती. औपचारिक मराठीची जवळची वाट त्यास कोणी दाखविलीच नव्हती. अर्ज, परिपत्रके आणि आपले प्रबंध यांतून त्याच्या दृष्टीस जी मराठी पडली, तीत वळसा हाच मार्ग होता. ज्या घरात पदवीपर्यंत पोचणारी ही पहिलीच पिढी असते, तेथील मुलास हे वाक्य 'एकोणीस'सारखे वाटते. त्यास दुसरा पर्याय असू शकतो हे त्याच्या ध्यानीमनी नसते.

या दोषात प्रस्तुत लेखकाचा वाटा आहे, तो लपविणे योग्य होणार नाही. काही वर्षांपूर्वी एका विद्यार्थिनीने बोलीभेदावरील निबंध दोन पृष्ठांत लिहून दिला. तिच्या गावच्या बोलीतील चार रूपे, ती कोण वापरते, कोण वापरीत नाही, आणि तिला सुचलेले कारण, एवढेच त्यात होते. मी समासात 'विस्तार हवा' असे लिहिले. तिने पुढच्या आठवड्यात सहा पृष्ठे आणून दिली. चार रूपे तीच होती, कारण तेच होते; 'मी माझ्या आजीला विचारले' हे वाक्य तेवढे गेले होते आणि त्याच्या जागी 'ज्येष्ठ भाषिकांकडून माहिती संकलित करण्यात आली' हे आले होते. गुण मी वाढवून दिले. आजी एक होती. 'ज्येष्ठ भाषिक' किती होते ते त्या वाक्यावरून कळत नाही. आधीच्या वाक्यात पुरावा होता, नंतरच्या वाक्यात तो नाहीसा झाला, आणि तो नाहीसा करण्याचे पारितोषिक तिला माझ्या हातून मिळाले.

भास्कराचार्यांच्या वळशाने वर्ष सुरक्षित राहिले. मोरोपंतांच्या वळशाने भाषेची शक्ती दिसली. मायन्याच्या वळशाने दोघांची पायरी ठरली, आणि 'विशेष'ने मजकूर वाचला. वुड्स आणि लायन यांच्या वळशाने सरळपणाची किंमत हसत-हसत कळली. आपल्या प्रबंधांतील वळशाने यांपैकी काय साधते? त्याने कर्ता लपतो, संख्या लपते, आणि वाचणाऱ्यास संशय घेण्याची जागाच उरत नाही. आरंभी सांगितलेल्या चार प्रकारांत तो कोठेच बसत नाही. तो पाचवा प्रकार आहे, आणि तो आपण शिकवितो.

उपाय म्हणून वळणदार मराठीस बंदी घालावी असे कोणी सुचवील तर ते चुकीचे होईल. ज्या प्रदेशाने रामजोशी ऐकले त्याने वळणास भिण्याचे कारण नाही. सुचवावयाचे ते इतकेच की, प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांकडून एकच गोष्ट दोनदा लिहून घ्यावी : एकदा होता होईल तितकी सरळ, आणि एकदा मुद्दाम होता होईल तितकी आडवळणाने. दुसरे लेखन वर्गात मोठ्याने वाचावे. वर्ग हसला तर समजावे की पहिली वाट सर्वांस सापडली आहे. न हसला, तर अध्यापकाने आपली समासातील टिपणे एकवार पुन्हा वाचून पाहावीत.

त्या विद्यार्थिनीचा दोन पृष्ठांचा मूळ निबंध मी तिच्याकडून परत मागून घेतला आहे. बोलीभेदाच्या तासास तोच वाचून दाखवितो.

बहुत काय लिहिणे.